बैल बोलत नाही

माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर मोट होती, कातड्याची. ती फाटली की वर येईपर्यंत निम्मं पाणी परत विहिरीत. थारोळ्यात पडायचं ते थोडंच. पण मोट हलकी झाल्यामुळे बैल धावेवरून झपाझप जायचे. बघणाऱ्याला वाटायचं, काय दमाची जोडी आहे!

हृदयातली मायट्रल झडप गळते तेव्हा हेच होतं. डाव्या खालच्या कप्प्यातलं रक्त पुढे महाधमनीत जायचं, त्यातलं बरंचसं मागे वरच्या कप्प्यात उलटतं. मागे ढकलायला जोर कमी लागतो, म्हणून इकोच्या कागदावर पंपिंग चांगलं दिसतं. 55 टक्के! घरचे खूश. अहो, झडप धडधडीत गळत असताना 55 म्हणजे बैल थकलाय!

गळती तीव्र असेल आणि पंपिंग 60 टक्के किंवा त्याखाली आलं, किंवा आकुंचनाच्या शेवटी कप्प्याचा व्यास 40 मिलिमीटरला पोचला, तर त्रास नसला तरी शस्त्रक्रियेचा विचार करायचा. लिहून घ्या: 60 आणि 40. (किंचित गळती पुष्कळांच्या रिपोर्टात असते, त्यांनी घाबरू नये.)

‘डॉक्टर, मला काही त्रास नाही.’ हे मी रोज ऐकतो. मग मी त्यांच्या बायकोला विचारतो. ती सांगते, बाजाराला चालत जाणारा माणूस हल्ली एसटीची वाट बघत बसतो. त्रास नाही कसा? चालणंच सोडलंय!

आणि थांबून थांबून शेवटी मोट शिवली, की भरल्या मोटेचा सगळा भार त्या थकल्या बैलावर येतो. झडप उत्तम बसते, हृदय मात्र खाली बसतं. म्हणून पुन्हा सांगतो, 60 आणि 40.

वेळेवर आलात तर झडप बहुधा आहे तीच दुरुस्त करता येते. फ्रान्सच्या आलँ कार्पांतिए यांनी 1983 साली ही रीत तपशिलात मांडली. धातूची झडप बसवली, तर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. संधिवाताच्या तापाने झडप जाड झाली असेल तर दुरुस्ती अवघड, पण त्यावर...

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होते आहे. महाधमनीच्या झडपेचे आकडे वेगळे, ते राहिलेच. एवढं करा: गळती तीव्र असेल तर सहा महिने ते वर्षाच्या आत इको करा, आणि जुने कागद टाकू नका. येताना सगळे घेऊन या. आकडा कुठून घसरत आला, ते मला त्यातच दिसतं.