दर जाहीर असणे आणि दर कळणे



ग्राहकाला किंमत समजण्याचा हक्क आहे, असे आपण नेहमी म्हणतो. आपल्या देशात १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो मान्य केला आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही तो कायम राहिला. परंतु किंमत कोठेतरी छापलेली असली म्हणजे ती ग्राहकाला कळली, असे होते काय? याचा विचार करण्यासाठी आम्ही अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या टेलिफोनचे उदाहरण निवडले आहे.

अमेरिकेत १ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टी या बलाढ्य कंपनीचे विभाजन झाले. स्थानिक सेवा वेगळ्या कंपन्यांकडे गेली आणि परगावच्या फोनसाठी एटी अँड टी, एमसीआय, स्प्रिंट यांपैकी कोणाची सेवा घ्यायची हे ग्राहक ठरवू लागला. चढाओढीमुळे दर उतरले; परंतु योजनांची गर्दीही वाढली. कोणतीही योजना न निवडता मूळ दरावर राहिलेल्या माणसाला सवलतीच्या योजनेतील ग्राहकापेक्षा जास्त पैसे मोजावे लागत.

आकडे किती चकवतात ते पाहू. समजा, एक कंपनी मिनिटाला ५ सेंट घेते, पण दरमहा ५ डॉलर वेगळे लावते. दुसरी मिनिटाला १० सेंट घेते, वेगळे काही नाही. जाहिरातीत पहिली स्वस्त दिसते. परंतु महिन्याला ४० मिनिटे बोलणाऱ्या वृद्ध गृहस्थाला पहिलीकडे ७ डॉलर पडतात, दुसरीकडे ४. दोन्हींचा खर्च बरोबर १०० मिनिटांना सारखा होतो; त्यापुढे बोलणाऱ्यालाच पहिली परवडते. म्हणजे कमी बोलणारा, बहुधा कमी ऐपतीचा माणूस मोठ्या अक्षरांतील दराला भुलला की फसला.

मग कायदा काय करीत होता? १९३४ च्या दळणवळण कायद्यानुसार कंपन्यांना आपले दरपत्रक फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या आयोगाकडे दाखल करावे लागे. कागदोपत्री सर्व दर उघड होते. पण वॉशिंग्टनमधील ती किचकट दरपत्रके सामान्य माणूस कशाला वाचणार? शिवाय दाखल केलेला दर हाच कायदेशीर दर, असे तत्त्व होते. एटी अँड टीविरुद्धच्या एका खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये हेच तत्त्व उचलून धरले. विक्रेत्याने तोंडी वेगळे आश्वासन दिले असले, तरी दरपत्रकातील अटच खरी ठरे. ग्राहकाने न वाचलेला कागद अशा रीतीने ग्राहकावरच उलटत असे.

१९९६ मध्ये आयोगाने देशांतर्गत लांब पल्ल्याच्या सेवेसाठी ही दाखल करण्याची पद्धत बंद करण्याचे ठरविले. त्याऐवजी दर थेट जनतेला उपलब्ध करावेत, असा नियम केला. १९९७ मध्ये हा नियम मागे घेण्यात आला. उघड दर पाहून कंपन्या आपापसांत जुळवून घेतील आणि चढाओढच थंडावेल, अशी भीती होती. ही शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तरीही १९९९ मध्ये नियम परत आला. कंपनीने निदान एका ठिकाणी कामकाजाच्या वेळेत दर पाहायला ठेवावेत आणि स्वतःचे संकेतस्थळ असल्यास तेथेही द्यावेत, असे ठरले. न्यायालयीन लढाईनंतर ३१ जुलै २००१ पर्यंत जुनी पद्धत संपली.

याच सुमारास आणखी दोन पावले पडली. १९९९ च्या नियमांनी, बिलातील प्रत्येक आकार कोणत्या कंपनीचा व कशासाठी आहे, हे साध्या भाषेत लिहिणे बंधनकारक केले. २००० मध्ये आयोगाने व्यापार आयोगासह जाहिरातींसंबंधी धोरण जाहीर केले. किमान आकार, मासिक शुल्क, वेळेच्या अटी बारीक अक्षरांत लपवू नयेत, हा त्याचा गाभा होता. दर मांडून ठेवणे, बिल समजेल असे करणे आणि जाहिरात खरी ठेवणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच तुलना शक्य होते, असे आमचे मत आहे.

आता आपल्याकडे वळू. एसटीडीचे दर सरकारी होते, तेव्हा कंपन्यांची तुलना करण्याचा प्रश्नच नव्हता. तुलना होती ती वेळेची. रात्री दर उतरले की बूथवर रांग लागे. १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झाले. २००० मध्ये लांब पल्ल्याची सेवा खासगी कंपन्यांना खुली झाली आणि आपल्याकडेही योजनांचे जंगल वाढले. योजनांची तुलना करता यावी म्हणून ट्रायने २०१८ मध्ये संकेतस्थळ सुरू केले.

आज परगावच्या फोनचा वेगळा दर बहुतेक योजनांत उरलेला नाही, पण चकवा उरला आहे. २८ दिवसांची योजना आपण 'महिन्याची' समजतो. प्रत्यक्षात वर्षात १२ ऐवजी १३ वेळा पैसे भरावे लागतात. म्हणूनच ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये किमान एक योजना ३० दिवसांची आणि एक दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारी असावी, असा आदेश काढला. डिसेंबर २०२४ मध्ये, इंटरनेट न वापरणाऱ्यांसाठी केवळ बोलणे व संदेश यांची निदान एक योजना ठेवण्यास सांगितले. परंतु अशी योजना आहे हे ज्या मजुराला, ज्या आजीला ठाऊक नाही, त्यांना या आदेशाचा काय उपयोग?

येथे आपल्या संस्थेचे काम सुरू होते. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वस्तीत वापरात असलेल्या योजना गोळा करा. प्रत्येकीचा 'वर्षाचा एकूण खर्च' काढा. दिवसांची मुदत वेगवेगळी असली तरी वर्ष सर्वांना सारखेच असते. तो तक्ता संस्थेच्या फलकावर मराठीत, ठळक अक्षरांत लावा आणि दर तीन महिन्यांनी तपासा. सभासदांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे: आपण इंटरनेट वापरता का? मग त्याचे पैसे का भरता?

सरकार दर जाहीर करावयास लावू शकते. ते वाचून शेजाऱ्याला समजावून सांगण्याचे काम मात्र शिकलेल्या माणसाचे आहे. ते आपण सर्वांनी मिळून अंगावर घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.