निराधार मुलाला घर देणाऱ्या कुटुंबास करसवलत

(केनवड, जिल्हा वाशिम येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



केनवड हे रिसोड तालुक्यातील गाव. सोयाबीन आणि तुरीच्या हंगामावर येथील बहुतेक घरांचे वर्षाचे गणित अवलंबून असते. अशा गावात आयकराच्या सवलतीचा विषय काढणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. शेतीचे उत्पन्न केंद्रीय आयकरापासून मुक्त आहे. मग ज्याला करच भरावा लागत नाही, त्याला करसवलतीचे काय, असा प्रश्न कोणीही विचारील. हा प्रश्न रास्त आहे आणि प्रस्तुत विवेचनात त्याचेच उत्तर शोधावयाचे आहे. कारण दत्तक मुलाच्या नावाने दिलेल्या ज्या सवलतीतून केनवडचा शेतकरी वगळला जाईल, ती सवलत अपुरीच म्हणावी लागेल.

दत्तकाचा बदललेला अर्थ

महाराष्ट्राला दत्तकाची प्रथा नवी नाही. दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा केले, हा इतिहास शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. १८७५ मध्ये कवळाण्याचा गोपाळराव बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापूरला दत्तक गेले व शाहू छत्रपती झाले. या सर्व प्रसंगी गादीला, घराला, वंशाला मूल हवे होते.

याच शतकात पुण्यात एका दांपत्याने दत्तकाचा निराळा अर्थ लावून दाखविला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि १८७४ मध्ये तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला आपला पुत्र मानले. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगच्या साथीत त्याच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करीत असतानाच सावित्रीबाईंना मृत्यू आला. येथे वंशाला मूल हवे नव्हते, तर मुलाला घर हवे होते. आजचा कायदा याच विचाराच्या वाटेने चालला आहे.

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याने मुलगी दत्तक घेण्यास मान्यता दिली आणि स्त्रीलाही स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा अधिकार दिला. बाल न्याय अधिनियम, २००० मुळे अनाथ, परित्यक्त व स्वाधीन केलेल्या मुलांच्या दत्तकविधानाचा मार्ग सर्व धर्मीयांना मोकळा झाला. त्याची जागा २०१५ च्या अधिनियमाने घेतली. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकविधानाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. वाशिम जिल्ह्यातील प्रकरण आता वाशिमच्या जिल्हाधिकारी कार्यालयातच निकाली निघू शकते. कायद्याने वाट सुकर केली, हे निर्विवाद आहे. तथापि त्या वाटेवरून चालणाऱ्या कुटुंबाच्या खिशाचा विचार अद्याप व्हावयाचा आहे.

कोणती मुले मागे राहतात?

यावर एक आक्षेप घेतला जातो. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांची यादी हजारोंची आहे, त्यांना तीन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ मुलांची दत्तकविधाने झाली आणि त्यांपैकी ४,१५५ मुले भारतातील कुटुंबांत गेली. मागणी इतकी असता उत्तेजनाची गरज काय?

आक्षेप वरवर बिनतोड दिसतो, परंतु रांग कशासाठी लागली आहे हे पाहिले पाहिजे. ती प्रामुख्याने तान्ह्या व निरोगी बालकांसाठी आहे. आठ-दहा वर्षांचा मुलगा, एकमेकांस सोडून राहू न शकणारी दोन-तीन भावंडे, ऐकू न येणारी मुलगी, बौद्धिक अपंगत्व असलेले बालक, यांच्यासाठी रांग नाही. अशी मुले संस्थेतच मोठी होतात आणि अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृहाचा आधारही संपतो. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अशाच शंभराहून अधिक अपंग व बेवारस मुलांना स्वतःचे आडनाव देऊन वाढविले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला. वऱ्हाडच्या भूमीतील हे कार्य वंदनीय आहे. मात्र एका माणसाच्या खांद्यावर इतकी मुले यावीत, यातच समाजाची उणीवही दिसते. शंभर मुलांना शंभर घरे मिळणे हा खरा उपाय होय. यास्तव सवलतीचा रोख प्रथम या मागे राहिलेल्या मुलांकडे असावा.

खर्चाचा भार

दत्तकविधान फुकट होत नाही. २०१७ च्या नियमावलीने नोंदणी व गृह अध्ययन अहवालासाठी ६,००० रुपये आणि बालसंगोपन निधीसाठी ४०,००० रुपये ठरविले होते. याखेरीज संस्थेपर्यंतचा प्रवास, मुक्काम, वैद्यकीय तपासण्या आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब निराळाच. अपंग बालक असेल तर श्रवणयंत्र, शस्त्रक्रिया, व्यायामोपचार यांचा खर्च पुढे वर्षानुवर्षे चालतो. नोकरदार कुटुंब कर्ज काढून हा भार पेलू शकते. शिक्षणसेवक, अंगणवाडी सेविका किंवा पाच एकरांचा शेतकरी मात्र मनात असूनही मागे सरतो.

मूल कुटुंबात वाढावे म्हणून शासनाने पैसा खर्च करावा, हे तत्त्व मान्य झालेले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये बालसंगोपन योजनेचे दरमहा अनुदान २,२५० रुपये केले. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत २०२२ पासून दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. दत्तकविधानाच्या खर्चासाठी मात्र या योजना नाहीत. जो कुटुंबप्रमुख मुलाची जबाबदारी आयुष्यभरासाठी पत्करतो, त्यालाच नेमका आधार कमी पडतो.

वजावट आणि करसूट

करकायद्याने कुटुंबाकडे पाहणे ही गोष्ट आपल्या देशाला अपरिचित नाही. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात करमुक्त उत्पन्नाची मर्यादा विवाहितांसाठी २,००० व अविवाहितांसाठी १,००० रुपये अशी वेगळी ठेवली होती. १९६१ च्या आयकर कायद्याने 'अपत्य' या शब्दाच्या व्याख्येत दत्तक अपत्याचा स्पष्ट समावेश केला. मूल घरात आल्यावर पोटच्या मुलाइतकेच ते मानले गेले, हे योग्यच झाले. परंतु ते घरात आणण्यासाठी झालेल्या खर्चाची दखल त्या व्याख्येने घेतली नाही.

येथे वजावट आणि करसूट यांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. वजावट उत्पन्नातून होते, करसूट प्रत्यक्ष देय करातून मिळते. दत्तकविधानास ६०,००० रुपये खर्च आला असे धरू. तो उत्पन्नातून वजा केला तर ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचे १८,००० रुपये वाचतात आणि ५ टक्के दराने भरणाऱ्याचे केवळ ३,०००. म्हणजे अधिक कमावणाऱ्यास अधिक लाभ. करसूट दिल्यास, देय कर तेवढा असेल तर, दोघांचेही ६०,००० रुपये वाचतात. शिवाय २०२३-२४ पासून जी नवी करप्रणाली मूळ प्रणाली ठरली, तीत बहुतेक वजावटींना स्थान नाही. म्हणून मागणी करावयाची ती करसुटीची.

अमेरिकेत १९९७ पासून अशी करसूट दिली जाते. आरंभी तिची कमाल मर्यादा ५,००० डॉलर, तर विशेष गरजा असलेल्या मुलासाठी ६,००० डॉलर होती. २०२५ साठी कमाल मर्यादा १७,२८० डॉलर झाली. विशेष गरजा असलेले मूल तेथील संस्थेतून दत्तक घेतल्यास प्रत्यक्ष खर्च कमी झाला असला तरी पूर्ण सूट धरली जाते. मात्र कर कमी असणाऱ्या कुटुंबांना तिचा पुरेसा लाभ मिळत नसे. अखेर २०२५ मध्ये तिच्यातील ५,००० डॉलरपर्यंतची रक्कम, देय कर नसला तरी, रोख परत देण्याची तरतूद झाली.

हा धडा भारताने आरंभीच घ्यावा. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर शून्य झाला. त्यामुळे नुसती करसूट जाहीर केली तर तिचा लाभ वरच्या थरातील थोड्या कुटुंबांना होईल. केनवडच्या शेतकऱ्याला वा अंगणवाडी सेविकेला त्यातून एक पैही मिळणार नाही. सबब सूट परताव्यासह असावी. ज्याचा देय कर सुटीहून कमी आहे त्यास उरलेली रक्कम, आणि ज्यास कर नाही त्यास संपूर्ण रक्कम, दत्तक मुलाच्या नावे बँक खात्यात जमा व्हावी. पाच वर्षांवरील मूल, भावंडे आणि अपंग बालक यांच्यासाठी ती अधिक असावी.

दक्षता आणि गावाचे कर्तव्य

पैशाच्या आशेने कोणी मूल घेऊ नये, ही शंका रास्त आहे. यासाठी रक्कम जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय देऊ नये. दत्तकविधानानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुरावा अहवाल घेतला जातो. सुटीचे हप्ते त्या अहवालांशी जोडावेत. यातून आणखी एक हित साधेल. खेड्यात आजही तोंडी बोलीवर मूल दिले-घेतले जाते. पुढे शाळेचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, सातबाऱ्यावरील वारसनोंद अशा प्रत्येक पायरीवर ते मूल अडते. शिवाय अनाथ, परित्यक्त वा स्वाधीन केलेले मूल विहित पद्धत टाळून देणे-घेणे हा २०१५ च्या अधिनियमानुसार गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदेशीर मार्गाने जाणाऱ्यास लाभ मिळू लागला, की आडवाट आपोआप ओस पडेल.

आयकराचा कायदा संसदेच्या अखत्यारीतील आहे. तथापि लोकमत गावातून वर जाते. ग्रामसभेने ठराव करावा, पंचायत समितीने तो पुढे पाठवावा. तोवर ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी राखावयाचा स्वउत्पन्नाचा दहा टक्के निधी अशा मुलांच्या कामी लावण्याचा विचार करावा. ग्राम बाल संरक्षण समितीने निराधार मुलांची माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे वेळेवर कळवावी. शिक्षकांनी वर्गातील दत्तक मुलाला कोणी त्याच्या जन्मावरून डिवचणार नाही याची काळजी घ्यावी. हा आधार कोणत्याही कायद्याने देता येत नाही.

केनवडच्या एखाद्या घरात नवे मूल आले, तर गाव बारशाला जमते. दहा वर्षांचे मूल बालगृहातून नव्या घरी येईल, तेव्हाही गाव तसेच जमावे आणि त्या घराचा हिशेब शासनाने हलका करावा, एवढीच या विवेचनाची मागणी आहे.