बारकसची मंदी

उमरगा-नळदुर्गकडच्या माणसांना हैदराबाद काही परकं नाही. लग्नाचा बस्ता असो की मोठा दवाखाना, गाडी तिकडेच वळते. पुढच्या खेपेला एक वेळचं जेवण बारकस भागात जरूर करा. निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौत मुलखातून आलेल्या अरब शिपायांची ही वस्ती. आपल्या मराठवाड्यातल्या चाऊस घराण्यांची मुळंही हद्रमौतचीच.

इथं मागवायची ती मंदी. अस्सल रीत अशी: जमिनीत पुरलेल्या भट्टीत खाली तांदळाचं पातेलं, वर मटण, आणि तोंड घट्ट बंद. मटणाचा रस थेंब थेंब भातात उतरतो. मसाला बेताचाच असतो. काळ्या मसाल्याला सरावलेल्या जिभेला पहिला घास सपक लागेल. मग सोबतची टोमॅटो-मिरचीची चटणी कालवा. बैठकीवर मधोमध एकच मोठं ताट येतं आणि सगळे त्यातूनच जेवतात, तेव्हा माणसं मोजूनच सांगा, नाहीतर उरतं.

हरीसही चाखाच. भिजवलेले गहू आणि मटण तासन्‌तास शिजवून घोटायचं, वरून तूप. हैदराबादी हलीमचं मूळ हेच. मसाले, डाळी घालून हैदराबादनं ते आपलंसं केलं आणि 2010 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. रमजानच्या महिन्यात गेलात, तर हलीमसाठी संध्याकाळी लवकर पोहोचा; रोजा सुटायच्या वेळी जागा मिळणं अवघड होतं.