पडद्यावरून पुसलेले आलेख



अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावे, असा संकेत आहे. आजचे भाषण मात्र एका रोजच्या, किरकोळ वाटणाऱ्या दुखण्याबद्दल आहे. नियंत्रण कक्षाच्या भिंतीवरचा डॅशबोर्ड सकाळी झरझर चालतो, दुपारी अडखळतो आणि संध्याकाळी टॅब कोसळतो. कुणीतरी रिफ्रेश मारते, आलेख पुन्हा धावू लागतात, तक्रार निकाली निघते. रिफ्रेशमुळे पानाने धरलेली सगळी मेमरी एका फटक्यात सुटते खरी, पण तिच्याबरोबर पुरावाही जातो.

नको असलेली मेमरी आपोआप परत घेण्याची पद्धत, म्हणजे गार्बेज कलेक्शन, जॉन मॅकार्थी यांनी १९६० साली लिस्प भाषेसाठी मांडली. मुळापासून जिथवर पोहोचता येते तेवढे ठेवायचे, बाकीचे झाडून टाकायचे. आजचे ब्राउझर त्याच वाटेने चालतात. इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्त्यांत पानावरचा घटक आणि जावास्क्रिप्टची वस्तू एकमेकांना धरून बसली की दोन्ही सुटत नसत; तो काळ गेला. अडचण उरली ती वेगळीच. एखाद्या वस्तूपर्यंत पोहोचता येते का, हे गार्बेज कलेक्टरला कळते. तिची गरज संपली आहे का, हे फक्त प्रोग्रामरला ठाऊक असते, आणि तो बहुधा ते सांगायचे विसरतो.

प्लॉटली या आलेख काढणाऱ्या लायब्ररीचे उदाहरण घ्या. खिडकीचा आकार बदलला की आलेखानेही बदलावे म्हणून ‘रिस्पॉन्सिव्ह’ पर्याय चालू केला जातो. त्यासाठी लायब्ररी विंडोवर एक लिसनर बसवते. पुढे वापरकर्ता दुसऱ्या विभागात जातो आणि अ‍ॅप्लिकेशन आलेखाचा डिव्ह काढून टाकते. पडदा स्वच्छ दिसतो. विंडो मात्र लिसनरला धरून आहे, लिसनरने डिव्ह धरला आहे आणि डिव्हला आकडे, मांडणी व एसव्हीजीचे सगळे घटक चिकटलेले आहेत. साध्या स्कॅटर आलेखात ५,००० ठिपके असतील तर प्रत्येक ठिपक्याचा स्वतंत्र घटक असतो. तेही सारे मागे राहतात. घर सोडून गेलेल्याचे नाव रेशनकार्डावर राहावे आणि दरमहा त्याचे धान्य उचलले जावे, तशातली गत. डिव्ह काढण्याआधी ‘पर्ज’ची एक ओळ लिहिली असती तर लिसनर सुटला असता.

चार्ट.जेएस आणि ईचार्ट्समध्ये ही धरून ठेवण्याची साखळी आणखी आखूड असते. दोन्ही लायब्रऱ्या चालू आलेखांची स्वतःची नोंद ठेवतात. तिथे ‘डिस्ट्रॉय’ किंवा ‘डिस्पोज’ म्हटल्याशिवाय नाव कमी होत नाही. वेबजीएलने, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या मदतीने, काढलेले आलेख निदान आरडाओरडा तरी करतात. क्रोम साधारण १६ वेबजीएल कॉन्टेक्स्ट एका वेळी जिवंत ठेवतो. मर्यादा ओलांडली की सर्वांत जुना काढून घेतो आणि भलताच आलेख कोरा पडतो. मग दोष ग्राफिक्स कार्डाच्या माथी मारला जातो!

मेमरीची अशी गळती, म्हणजे लीक, शोधण्याची रीत जुनीच आहे. २०१३च्या गुगल आय/ओमध्ये जीमेल आणि क्रोमच्या मंडळींनी ती तपशीलवार सांगितली होती. पान स्थिरावल्यावर क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये एक हीप स्नॅपशॉट, म्हणजे मेमरीतल्या वस्तूंची नोंद, घ्यायचा. आलेख उघडून बंद करायचा, दुसरा घ्यायचा. तीच कृती पुन्हा करून तिसरा. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे जन्मलेल्या ज्या वस्तू तिसऱ्यातही जिवंत आहेत, त्या संशयित. शोधचौकटीत ‘डिटॅच्ड’ टाइप केले की पानावरून काढलेले पण न सुटलेले घटक दिसतात, आणि खालच्या ‘रिटेनर्स’ भागात त्यांना कुणी धरले आहे त्याची साखळी उलगडते. कृती एकदाच करून निष्कर्ष काढणारे हमखास फसतात, कारण पहिल्या खेपेला कॅशही भरते आणि तीही वाढ म्हणून दिसते. शिवाय कन्सोलवर छापलेली वस्तू कन्सोल स्वतःच धरून ठेवतो. लीक शोधण्यासाठी पेरलेली ओळच लीक दाखवू लागते, आणि माणूस दिवसभर आपल्याच सावलीचा पाठलाग करतो.

लीक म्हणून येणाऱ्या सगळ्याच तक्रारी लीकच्या नसतात. दहा सेन्सर दर सेकंदाला एक नोंद पाठवत असतील तर दिवसाला ८,६४,००० नोंदी होतात. वेळ आणि मूल्य असे दोन आकडे, प्रत्येकी ८ बाइट. म्हणजे जवळपास १४ मेगाबाइट, आठवड्याला सुमारे ९७. लायब्ररी हिशेबासाठी स्वतःच्या प्रती करते, त्या वेगळ्या. इथे कुणी काही विसरलेले नाही. जुने टाकायला सांगितलेलेच नाही. १,९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर एका सेन्सरचे दिवसभराचे ८६,४०० बिंदू सुटे दिसूच शकत नाहीत, तरी ते सगळे जपले जातात. प्लॉटलीच्या ‘एक्स्टेंडट्रेसेस’ला कमाल बिंदूंची मर्यादा देता येते. ती देणारे थोडे.

थोडा दोष शिकवण्याच्या पद्धतीचाही आहे. आलेखाच्या बहुतेक धड्यांत पहिल्या पाच ओळींत रंगीत चित्र उभे राहते आणि धडा तिथेच संपतो. आलेख काढून टाकण्याची ओळ दस्तऐवजात असते, पण इतकी आत की गरज पडल्यावरच सापडते. ती पहिल्याच नमुन्यात, आलेख उभारणाऱ्या ओळीच्या लगेच खाली असायला हवी.

चाचण्यांतही आलेख काढून टाकण्याला जागा हवी. मेटाने २०२२मध्ये खुले केलेले मेमलॅब स्वतःच ब्राउझर चालवते, पान उघडते, परत फिरते, हीपची तुलना करते आणि न सुटलेल्या वस्तूंची साखळी दाखवते. प्रत्येक नव्या आलेखासाठी अशी एक उघड-मीट चाचणी रात्रीच्या बिल्डमध्ये घातली, तर संध्याकाळी कोसळणारा टॅब आदल्या रात्रीच पकडता येईल.