‘श्यामची आई’ आणि फडावरचे मूल



माता व पुत्र यांच्या नात्याचे मराठीतील सर्वपरिचित चित्र म्हणजे साने गुरुजींची ‘श्यामची आई’. गुरुजी काही वर्षे अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी हे पुस्तक लिहिले. बारामतीलगतच्या पुरंदर तालुक्यातील सासवडचे आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला; पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. अत्रेही पुण्यातील शाळेचे मुख्याध्यापक होते. म्हणजे ही आई ग्रंथात व पडद्यावर आणली ती दोन शिक्षकांनी.

मुलांचे डोळे पाणावले की पाठ साधला, असे पुष्कळदा मानले जाते. परंतु ही आई केवळ मायाळू नाही. न्हालेल्या श्यामच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून ती आपले ओचे पसरते आणि लगेच सांगते की, मनालाही अशीच घाण लागू देऊ नकोस. तिच्या मायेत मुलाकडून काही अपेक्षाही आहे.

येथेच वर्गात एक धोका संभवतो. दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडणी कामगारांच्या कोपी उभ्या राहतात. पहाटे कोयता घेऊन फडात गेलेली आई मुलाला न्हाऊ घालावयास घरी नसते. त्या मुलापुढे श्यामची आई माप म्हणून ठेवली, तर त्याला स्वतःची आई उणी वाटू लागेल. हा दोष पुस्तकाचा नव्हे, सांगणाऱ्याचा होय. श्यामच्या घरीही कर्ज व जप्ती आली. शिक्षणासाठी दूर राहिलेला श्याम आईच्या अंतकाळी तिच्याजवळ नव्हता. हे प्रसंगही वर्गात अवश्य वाचावेत. दारिद्र्याने व अंतराने माया उणी होत नाही, हे त्यांतून मुलांना कळेल.

पाठानंतर ‘आई तुला काय शिकवते?’ असे विचारण्यापेक्षा ‘तुझ्या आईला कोणते काम उत्तम येते?’ असे विचारावे. एखादे मूल उसाची मोळी कशी बांधतात ते सांगेल. ज्याला आई नाही, त्याने आजीविषयी वा वडिलांविषयी सांगावे. त्या दिवशी घरी गेल्यावर मुलाने आईच्या हातांकडे आदराने पाहिले, तर पाठ साधला असे समजावे.