पन्नासांत एक

(ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



काल रात्री जेवणं झाल्यावर आपण गप्पा मारत बसलो होतो. तेव्हा एक ताई म्हणाल्या, "आम्ही अकरा जणांत सहा बाया. पण पाच जणींच्या जागी त्यांचे नवरे बोलतात. तोंड उघडणारी मी एकटीच. एकटीनं काय होतंय? राजीनामा द्यावा म्हणते." त्यावर मी काल गप्प बसले, कारण लगेच उत्तर सुचलं नाही. आज एका बाईची गोष्ट सांगते. ती लांबच्या मुलखातली आहे, पण प्रश्न हाच आहे.

ऑस्ट्रेलियातही आपल्यासारखी राज्यं आहेत आणि प्रत्येक राज्याला आपलं विधिमंडळ आहे. पश्चिम ऑस्ट्रेलिया या राज्याच्या विधानसभेत तेव्हा पन्नास जागा होत्या. १९२१ ते १९२४ या मुदतीत त्यांपैकी एकोणपन्नास जागांवर पुरुष होते आणि एका जागेवर एडिथ कोवन. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही विधिमंडळावर निवडून आलेली ती पहिली बाई. त्या वेळी तिचं वय होतं एकोणसाठ.

ती एकदम आभाळातून पडली नव्हती. लहानपणीच आई बाळंतपणात गेली. बापानं दुसरं लग्न केलं, आणि १८७६ साली त्या दुसऱ्या बायकोचा खून केला म्हणून तो फासावर गेला. तेव्हा एडिथ अवघी चौदा वर्षांची होती. घराच्या चार भिंतींच्या आत काय घडू शकतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढं १८९४ मध्ये पर्थ शहरात बायकांचं एक मंडळ निघालं, त्यात ती पहिल्यापासून होती. मुलांच्या संरक्षणासाठी काम केलं, बायकांसाठी वेगळं इस्पितळ व्हावं म्हणून झगडली, बालन्यायालयाच्या पीठावर बसली. म्हणजे विधानसभेत पाऊल टाकण्याआधी तिच्या पाठीशी सव्वीस-सत्तावीस वर्षांचं संघटनेचं काम होतं.

त्या राज्यात बायकांना मत मिळालं १८९९ साली, पण निवडणुकीला उभं राहायचा हक्क मिळायला १९२० उजाडलं. गंमत अशी, की ज्या मंत्र्यानं तो कायदा मांडला, त्यालाच पुढच्या वर्षी कोवनबाईंनी त्याच्या मतदारसंघात हरवलं!

सभागृहात गेल्यावर त्यांनी काय केलं? पहिल्याच भाषणात रेल्वेत बाबागाडीवर पडणाऱ्या आकाराचा विषय काढला. तुम्ही म्हणाल, हा काय विधानसभेत बोलायचा विषय? पण कडेवर मूल, हातात पिशवी घेऊन जी प्रवास करते, तिला विचारा. नळाचा, सरपणाचा, संडासाचा विषय तुम्ही काढता तेव्हा बाकीचे हसतात ना, तसंच हे.

त्यांनी दोन अशासकीय विधेयकं मांडली आणि दोन्ही मंजूर करून घेतली. मूल मृत्युपत्र न करता वारलं, तर त्याच्या मालमत्तेत आईला बापाच्या बरोबरीनं हक्क मिळाला, हे पहिलं, १९२२ चं. दुसरं १९२३ चं. केवळ बाई आहे म्हणून कुणाला वकिली किंवा इतर व्यवसाय आणि सार्वजनिक पदं नाकारता येणार नाहीत, असं त्यानं ठरवलं. याच राज्यात १९०४ साली न्यायालयानं एका बाईला वकिलीचा रस्ता बंद केला होता. योगायोग पाहा, आपल्याकडेही बायकांना वकिली खुली करणारा कायदा १९२३ चाच. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी त्यासाठी किती वर्षं वाट पाहिली!

एकोणपन्नास पुरुषांच्या सभागृहात एकटीनं दोन कायदे केले, ही गोष्ट मोठी आहे. पण मी इथंच थांबले तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होईल.

१९२४ च्या निवडणुकीत त्या पडल्या. पक्षाच्या तिकिटावर आल्या होत्या, पण पक्ष सांगेल तिथं हात वर करणाऱ्या नव्हत्या. त्यामुळं दोन्ही बाजूंना खुपल्या. १९२७ मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा पडल्या. त्या गेल्यावर सभागृह परत सगळं पुरुषांचं झालं. १९२५ मध्ये मे होल्मन ही मजूर पक्षाची बाई निवडून आली, तेव्हा कुठं ते बदललं.

आणखी एक सांगायलाच हवं. १८९९ च्या त्या मताधिकारात सगळ्या बायका नव्हत्या. तिथल्या आदिवासींना, तसंच आशिया-आफ्रिकेतून आलेल्यांना, स्वतःच्या मालकीची जमीन नसेल तर मत नव्हतं. आदिवासींना राज्याच्या निवडणुकीत मत मिळालं ते १९६२ साली. म्हणजे पन्नासांतली ती एक जागा 'बायकांची' म्हणायची, तर नेमकी कुठल्या बायकांची? हा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही. आपल्या सभेला वस्तीवरची, पारधी तांड्यावरची बाई येते का?

आपल्या विधानसभेचं बघा. २०२३ मध्ये तेहतीस टक्क्यांची घटनादुरुस्ती झाली, पण अंमल जनगणनेशी आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी बांधून ठेवला. २०१९ मध्ये २८८ जागांवर २४ बायका होत्या, २०२४ मध्ये निवडून आल्या २१. तेव्हा, ताई, गावात तुम्ही सहा जणी आहात ही लहान गोष्ट नाही.

एकटीनं होतं का? होतं, पण टिकत नाही. कोवनबाईंचे कायदे टिकले, कारण ते कागदावर उतरले. म्हणून तुमचा प्रश्न सभेच्या इतिवृत्तात लिहिला गेला की नाही, ते सही करण्याआधी वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे, ती खरोखर भरवा. आणि ज्या पाच जणींच्या जागी नवरे बोलतात, त्यांच्यातल्या एकीच्या घरी या आठवड्यात जा. पुढच्या बैठकीला दोघींनी शेजारी शेजारी बसा.

राजीनाम्याचं त्यानंतर बघू.