गोठलेलें दंव आणि हिरवा दाणा

कॅनडाच्या सस्कॅचेवान, अल्बर्टा व मॅनिटोबा या प्रांतांत सप्टेंबर लागला म्हणजे शेतकऱ्याची दृष्टि आकाशाकडे लागते. तेथें भय असतें तें दंव गोठण्याचें. मोहरीच्याच कुळांतील कॅनोला हें तेथील मुख्य तेलबी होय.

दाणा पिकूं लागला म्हणजे त्यांतील हरितद्रव्य आपोआप नाहींसें होत जातें. परंतु दाण्यांत शेंकडा २० हून अधिक ओलावा असतां कडक हिंव पडलें, तर ही क्रिया खुंटते व हिरवेपणा आंतच राहतो. असल्या दाण्याचें तेल हिरवट निघतें, लवकर खवट होतें आणि शुद्ध करण्यास खर्च फार पडतो. म्हणून तेथील प्रतवारीप्रमाणें पहिल्या प्रतींत हिरवे दाणे शेंकडा २ पर्यंतच चालतात. दुसरींत ६, तिसरींत २०. एका रात्रींत प्रत उतरते, आणि तिच्याबरोबर भावही.

मग पीक लवकर कापावें काय? तसें केल्यास दाणा बारीक राहतो व उतारा घटतो. शिवाय कापलेलें पीक वाळण्यास कांहीं दिवस लागतात. आदल्या सायंकाळीं केलेली धांवपळ व्यर्थच जाते.

बाजारभावही त्याच्या हातीं नाहीं. कॅनोलाचा भाव शिकागोच्या सोयाबीन-तेलाच्या भावामागें हालतो. त्याच बाजाराची झळ लातूरच्या सोयाबीनवाल्यासही लागते. शेतकऱ्याच्या हातीं उरतें तें एवढेंच: लवकर पिकणारें वाण निवडावें, आणि पेरणी वेळेवर साधावी. सप्टेंबरची चिंता मे महिन्यांतच वाहिली पाहिजे.